‘लुचिया’चे १९५९ चे मंचन : एका वेडाच्या प्रवेशाची बांधणी

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील रॉयल ऑपेरा हाउसमध्ये १७ फेब्रुवारी १९५९ रोजी गाएतानो दोनिझेत्तीच्या ‘लुचिया दि लाम्मेरमूर’ या शोकान्त ऑपेराचे नवे मंचन सादर झाले. संगीतसंचालन तुल्लिओ सेराफिन यांचे होते, तर दिग्दर्शन, नेपथ्य आणि वेशभूषा या तिन्ही बाजू फ्रांको झेफिरेल्ली या तरुण इटालियन कलावंताने सांभाळल्या होत्या. नायिकेच्या भूमिकेत जोन सदरलंड ही ऑस्ट्रेलियन सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच स्त्री-आवाजाची गायिका, होती आणि ती सहा-सात वर्षे त्याच संस्थेत नोकरीला होती. एका रात्रीत एक गायिका जगप्रसिद्ध झाली, अशीच ही घटना बहुतेक वेळा सांगितली जाते. त्यात खोटे काही नाही. परंतु त्या सांगण्यात मंचनाचा मूळ प्रश्न झाकला जातो, आणि प्रस्तुत टिपणाचा विषय तो प्रश्न आहे.

प्रश्न असा की, ज्या गायनशैलीत नायिकेचा सर्वांत दुःखद क्षण सर्वाधिक ताना, मुरक्या आणि तारसप्तकातील झेपा यांनी भरलेला असतो, त्या शैलीतील शोकांतिका शोकांतिका म्हणून कशी उभी करावी? मराठी संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ही अडचण परकी वाटणार नाही. पद रंगू लागले की कथानक थांबते, ‘वन्समोअर’ आला की मघाशी शोक करणारे पात्र नाहीसे होऊन समोर केवळ गवई उरतो, आणि पुढच्या संवादाला पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागते. १९५९ पूर्वीच्या कित्येक दशकांत ‘लुचिया’चे नेमके हेच झाले होते. ज्यांना नाटक हवे होते त्यांनी हा ऑपेरा बालिश म्हणून बाजूला ठेवला होता, आणि ज्यांना गळ्याची कसरत हवी होती त्यांना त्यातील नाटकाशी कर्तव्य नव्हते. कॉव्हेंट गार्डनच्या रंगमंचावर तो १९२५ नंतर झालेलाच नव्हता.

संहितेत काय आहे

ऑपेराचा पहिला प्रयोग २६ सप्टेंबर १८३५ रोजी नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात झाला. संहिता साल्वादोरे काम्मारानो याची असून ती सर वॉल्टर स्कॉटच्या १८१९ मधील स्कॉटिश कादंबरीवर आधारलेली आहे. रेव्हन्सवुड आणि अ‍ॅश्टन या दोन घराण्यांचे जुने वैर, त्या वैराच्या दोन बाजूंना असलेले एडगार्दो आणि लुचिया यांचे गुप्त प्रेम, राजकीयदृष्ट्या बुडत चाललेल्या भावाने म्हणजे एनरिकोने स्वतःला वाचवण्यासाठी बहिणीचे आर्तुरोशी ठरवलेले लग्न, प्रियकराच्या बेइमानीचे खोटे पत्र, दडपणाखाली झालेली सही, आणि सही होताक्षणी दारात उभा राहिलेला एडगार्दो, असा कथेचा ओघ आहे. लग्नाच्या रात्री लुचिया नवऱ्याला ठार मारते, वेडाच्या अवस्थेत पाहुण्यांसमोर येते आणि मरते. ती गेल्याचे कळल्यावर एडगार्दो आपल्या पूर्वजांच्या थडग्यांपाशी स्वतःला भोसकून घेतो.

काम्मारानोने कादंबरीत केलेले बदल दिग्दर्शकाने लक्षपूर्वक पाहावेत असे आहेत. स्कॉटच्या कथेत मुलीवर जबरदस्ती करणारी मुख्य व्यक्ती तिची आई आहे. ऑपेरात आई नुकतीच वारलेली आहे आणि घरात लुचियाभोवती जवळजवळ सगळे पुरुषच आहेत. भाऊ, धर्मगुरू, शिकारी-सेवक, नियोजित नवरा आणि प्रियकर या पाचांपैकी प्रत्येकाला तिच्याकडून काहीतरी हवे आहे. तिच्या सोबतीला आलिसा ही एकच स्त्री आहे आणि तिच्या हाती काही सत्ता नाही. कादंबरीतला नवरा जखमी होऊनही वाचतो, ऑपेरातला मरतो. सर्वांत मोठा फरक मात्र वेडाच्या क्षणी आहे. कादंबरीत घटनेनंतर ती मुलगी चुलाणाच्या कोपऱ्यात दबून बसलेली सापडते आणि एखादेच वाक्य बोलते. ऑपेरात हीच मुलगी पाव तासाहून अधिक काळ गाते. कादंबरीकाराने मौनातून जे साधले ते संगीतकाराला आवाजाच्या अतिरेकातून साधायचे होते, आणि तेथेच मंचनाची कसोटी लागते.

त्या काळच्या इटालियन ऑपेरात एकल गायनाचा साचा ठरलेला होता. आधी पठणवजा गायन, मग संथ आणि लांब श्वासाचा भाग, मध्ये परिस्थिती बदलणारी एखादी घटना, आणि शेवटी द्रुत भाग, जो दोनदा गायचा व दुसऱ्या वेळी गायिकेने आपल्या अलंकारांनी सजवायचा. वेडाचा प्रवेशही याच साच्यात बसवलेला आहे. मात्र दोनिझेत्तीने तो आतून ठिसूळ केला आहे. पठणाचा भाग नेहमीपेक्षा बराच लांबतो आणि सारखा दिशा बदलतो. पहिल्या अंकातील प्रेमाच्या युगुलगीताची चाल वाद्यवृंदात मध्येच उमटते; लुचिया ती ओळखते आणि लगेच भेदरते, कारण पहिल्या गाण्यात तिने कारंज्याजवळ पाहिल्याचे सांगितलेले भूत आता तिच्या आणि एडगार्दोच्या मध्ये उभे आहे. ती मनातल्या मनात एडगार्दोशी लग्न लावते. धूप जळतो आहे, दिवे लागले आहेत, पुरोहित आला आहे, असे तिला दिसते. तिच्या आजूबाजूला मात्र खऱ्या लग्नाचे पाहुणे रक्त पाहून गोठलेले आहेत.

दोनिझेत्तीने या प्रवेशासाठी मुळात काच-हार्मोनिका हे वाद्य योजले होते. फिरत्या काचेच्या वाट्यांवर ओली बोटे टेकवून ते वाजवतात आणि त्याचा नाद कुठून येतो हे कानाला नीट उमगत नाही. वादकाचे नाट्यगृहाशी बिनसल्यामुळे १८३५ मध्येच त्याला ते भाग खोडून फ्लूटला द्यावे लागले. पुढे १८८९ मध्ये पॅरिसमध्ये नेली मेल्बा या गायिकेसाठी कंठ आणि फ्लूट यांची लांबलचक जुगलबंदी त्यात घालण्यात आली. आज पुष्कळांना जो भाग म्हणजेच ‘लुचिया’ वाटतो, तो अशा रीतीने दोनिझेत्तीच्या मृत्यूनंतर चार दशकांनी जोडलेला आहे. पट्टीचेही तसेच. मूळ प्रवेश एफ या पट्टीत होता. प्रथेने तो एक पूर्ण स्वर खाली, ई फ्लॅटमध्ये आला, आणि त्यामुळे शेवटी तारसप्तकातला ई फ्लॅट लावून टाळ्या घेण्याची सोय झाली. १९५९ च्या मंडळींच्या हाती आलेली ‘लुचिया’ ही अशी प्रथेने घडवलेली होती. मूळ हस्तलिखिताकडे परतण्याचा त्यांचा आग्रह नव्हता, हे आरंभीच नोंदवलेले बरे.

संस्था आणि निवड

कॉव्हेंट गार्डनची ऑपेरा कंपनी युद्धानंतर उभी राहिली होती आणि बरीच वर्षे तिचे पुष्कळसे प्रयोग इंग्रजी भाषांतरात होत. १९५८ मध्ये, नाट्यगृहाच्या शताब्दीच्या वर्षी, दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंती आणि संचालक कार्लो मारिया जुलिनी यांनी तेथे व्हेर्दीचा ‘दोन कार्लोस’ इटालियन भाषेत सादर केला आणि तो कमालीचा गाजला. दृश्यरचना व संगीत यांचा एकत्र विचार करणारा इटालियन दिग्दर्शक आणला तर विस्मृतीत गेलेली किंवा पडकी समजली गेलेली कृतीही जिवंत होते, हा धडा संस्थेचे प्रमुख डेव्हिड वेब्स्टर यांच्यासमोर ताजा होता. त्याच वर्षी संगीतप्रमुख राफाएल कुबेलिक पद सोडून गेले होते आणि गेओर्ग शोल्टी येण्यास अजून अवधी होता, त्यामुळे अशा निवडीचा भार बऱ्याच अंशी वेब्स्टर यांच्यावर होता.

सदरलंड १९५२ मध्ये कंपनीत आली होती. त्याच वर्षी विख्यात सोप्रानो मारिया कालास ‘नोर्मा’ हा ऑपेरा गाण्यास लंडनला आली तेव्हा सखी क्लोतिल्देच्या छोट्या भूमिकेत सदरलंड होती. पुढे तिने वेबरपासून मायकेल टिपेटच्या ‘मिडसमर मॅरेज’च्या १९५५ मधील पहिल्या प्रयोगापर्यंत नाना प्रकारच्या भूमिका केल्या. तिचा आवाज मोठा होता आणि तिला जड, नाट्यपूर्ण भूमिकांकडे वळवावे असा अनेकांचा कल होता. तिचा पती आणि मार्गदर्शक रिचर्ड बॉनिंग याने मात्र तिला वरच्या स्वरांकडे आणि जुन्या अलंकारिक गायकीकडे नेण्याचा हट्ट धरला होता. १९५७ मध्ये हेंडेलची ‘अल्चीना’ गाताना त्या हट्टाला आधार असल्याचे दिसले.

या निवडीत एक खरा धोका होता. सदरलंड उंच होती, तिची चेहरेपट्टी ठसठशीत होती, आणि अभिनयाबद्दल तिची ख्याती नव्हती. लुचियाची कल्पना त्या काळी एखाद्या नाजूक पाखरासारखी केली जाई. भूमिका बहुधा हलक्या, पातळ आवाजाच्या गायिकांकडे जात असे. कालासने १९५४ मध्ये मिलानच्या ला स्कालामध्ये आणि १९५५ मध्ये बर्लिनमध्ये कारायानच्या संचालनाखाली ती भूमिका गाऊन दाखवून दिले होते की जड आणि गडद आवाजात लुचियाची यातना कितीतरी खोल जाते. परंतु कालास ही मुळात नटी होती. सदरलंडकडे तसाच मोठा आवाज होता, चपळाई कदाचित अधिक होती; शब्दांची धार आणि शरीराची भाषा मात्र घडवावी लागणार होती. माझ्या मते या मंचनातला निर्णायक क्षण तालमीच्याही आधीचा आहे. गायिकेत नसलेला गुण तिच्यावर लादायचा नाही, तर असलेला गुण, म्हणजे मोठ्या आवाजातली चपळाई, नाटकाच्या कामी लावायचा, असे या मंडळींच्या कामातून स्पष्ट दिसते.

सेराफिन यांचे काम

सेराफिन त्या वेळी ऐंशी वर्षांचे होते. रोझा पॉन्सेल आणि कालास यांच्या घडणीत त्यांचा वाटा होता, आणि बेल कान्तो, म्हणजे ‘लुचिया’ज्या अलंकारिक इटालियन गायकीतली आहे ती शैली, ही सुंदर स्वरांची माळ नव्हे, शब्द वाहून नेणारी ओळ होय, ही शिकवण देणारे ते जुन्या पिढीतले बहुधा शेवटचे मोठे संचालक होते. सदरलंड आणि बॉनिंग तयारीसाठी इटलीत त्यांच्याकडे गेले. भूमिका सुरांपासून न बांधता पठणाच्या भागापासून बांधणे ही त्यांची पद्धत होती. या ऑपेरातील लुचियाचे पठण वेगळे काढून वाचले तर तिचे मन पहिल्या प्रवेशापासून कसे कलंडत गेले आहे ते दिसते. कारंज्याच्या गाण्यात ती भुताची गोष्ट सांगते तेव्हा ऐकणारी आलिसा घाबरते, लुचिया मात्र त्याच दमात प्रेमाच्या आनंदाकडे वळते. हे वळण केवळ साच्याची गरज म्हणून गायले तर हास्यास्पद होते. मात्र तिच्या मनाला भय आणि आनंद यांच्यातली भिंतच उरलेली नाही असे मानून गायले, तर शेवटच्या अंकातल्या वेडाचे बीज तेथेच पडते.

येथे एक ऐतिहासिक टीप द्यावीशी वाटते. पहिली लुचिया फान्नी ताक्किनार्दी-पेर्सियानी हिने पुढे याच कारंज्याच्या गाण्याऐवजी दोनिझेत्तीच्या दुसऱ्या एका ऑपेरातले गाणे घालण्याची प्रथा पाडली, आणि १८३९ च्या फ्रेंच आवृत्तीत ते बदलच पक्के झाले. गळ्याला सोयीचे गाणे आले आणि भूत गेले. एका अदलाबदलीने तिसऱ्या अंकाचा पाया कसा काढून घेतला जातो याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

सेराफिन यांच्या संचालनाचे दुसरे वैशिष्ट्य गतीचे होते. त्या मोसमातील एका प्रयोगाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात गायिकेला अलंकारांसाठी मोकळीक मिळते, तरी खालचा ठेका सैल पडत नाही. दुसऱ्या अंकातील षटकात, म्हणजे एडगार्दो विवाहसभेत घुसल्यावर सहा जण एकाच वेळी सहा मनःस्थिती गातात त्या भागात, याचा फायदा दिसतो. हे षटक इतके प्रसिद्ध आहे की बर्लिनमध्ये कारायानने ते पुन्हा गाण्याची मागणी मान्य केली होती. नाटकाच्या दृष्टीने तो क्षण वास्तविक थिजलेल्या काळाचा आहे: तलवारी अर्ध्या उपसलेल्या आहेत आणि कोणालाच हलता येत नाही. तो लांबवला की थिजलेपण जाऊन केवळ ओळीत उभे राहिलेले गायक दिसतात.

झेफिरेल्ली आणि तिसरा अंक

झेफिरेल्ली व्हिस्कोंतीच्या हाताखाली तयार झालेला होता. कालासबरोबर त्याने १९५५ मध्ये मिलानला रॉस्सिनीचा एक विनोदी ऑपेरा आणि १९५८ मध्ये अमेरिकेत डॅलसला ‘त्राव्हियाता’ केला होता. कॉव्हेंट गार्डनमध्ये मात्र ही त्याची पहिलीच कामगिरी होती. त्याने कथेला आधुनिक वेष चढवला नाही. पडके गढीवजा वाडे, उंच जिने, धूसर प्रकाश आणि भरघोस वेशभूषा यांतून त्याने एकोणिसाव्या शतकाने कल्पिलेले स्कॉटलंड उभे केले. आजच्या नजरेला हा वास्तववाद जड वाटू शकतो. पण त्याचा एक व्यावहारिक उपयोग होता: भोवतालचे जग जितके ठोस, तितके त्यात भरकटणाऱ्या मुलीचे सुटलेपण ठळक.

वेडाच्या प्रवेशात त्याने जे केले त्याचा पुढच्या अनेक मंचनांवर ठसा राहिला. लुचिया पांढऱ्या रात्रवस्त्रात येते आणि त्या वस्त्रावर रक्त आहे. आजच्या प्रेक्षकाला यात काहीच नवल नाही. पण नीटनेटक्या झग्यातली, केस विंचरलेली लुचिया पाहण्याची सवय झालेल्या त्या काळच्या प्रेक्षकाला हा धक्का होता. खून रंगमंचामागे घडतो, त्याची बातमी धर्मगुरू राइमोन्दो गाऊन सांगतो, आणि प्रेक्षकाने ऐकलेली ती बातमी आता कापडावर दिसते. या रक्तामुळे सुंदर गाणे आणि भयंकर कृत्य हे दोन्ही एकाच देहावर, एकाच वेळी ठेवले गेले. गाणे जितके निर्मळ होत जाते तितके ते रक्त असह्य होते. अलंकार काढून टाकून प्रवेश ‘नाट्यमय’ करण्याचा सोपा मार्ग त्याने घेतला नाही.

दुसरी गोष्ट हालचालीची. या प्रवेशात सोप्रानोने मधोमध उभे राहून संचालकाकडे डोळे लावून कठीण जागा पार पाडाव्यात, हा रिवाज होता आणि त्याला कारणही होते, कारण फ्लूटबरोबरच्या जुगलबंदीत श्वासाची थोडीही गफलत लपत नाही. सदरलंडच्या या प्रवेशाच्या वर्णनांत मात्र वारंवार येतो तो तिचा वावर. ती धावते, थबकते, कोणाला तरी टाळते, पाहुण्यांच्या घोळक्यातून जाते आणि हे करताना गातच राहते. उंच आणि अवघडलेली म्हणून जिच्याबद्दल शंका होती तिच्या देहाला दिग्दर्शकाने स्थिर पवित्र्यांतून सोडवले. अशा धावपळीत ताना स्वच्छ राहण्यासाठी लागणारे श्वासाचे बळ फार थोड्या गायिकांकडे असते; म्हणून ही बांधणी दुसरीसाठी जशीच्या तशी उचलता येत नाही.

फ्लूटचा प्रश्न यातच सुटला. १८८९ ची जुगलबंदी ही शुद्ध प्रदर्शनासाठी घातलेली भर आहे, हे खरेच. परंतु लुचिया त्या आवाजाकडे कान देते, त्याच्या मागे जाते, तो एडगार्दोचा आहे असे समजून त्याला उत्तर देते, असे गृहीत धरले की तिच्या स्वरांची नक्कल करणारे ते वाद्य तिच्या डोक्यातला दुसरा आवाज होऊन बसते. उत्तर देणाराही तीच आणि विचारणारीही तीच. इतिहासाच्या दृष्टीने उपरी असलेली गोष्ट नाटकाच्या दृष्टीने आतली झाली. मूळ बरहुकूम सादरीकरणाचे आग्रही लोक यावर नाराज होऊ शकतात आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही, पण रंगमंचावर हाती असलेली प्रथा अर्थपूर्ण करणे हेही एक कौशल्यच आहे.

प्रयोग आणि त्याचे पडसाद

रंगीत तालमीला कालास स्वतः उपस्थित होती; त्याच सुमारास लंडनमध्ये सेराफिन यांच्याच संचालनाखाली तिच्या ‘लुचिया’चे दुसरे ध्वनिमुद्रण व्हायचे होते. पहिल्या रात्रीचे यश निर्विवाद होते. एडगार्दो जोआंव जिबिन, एनरिको जॉन शॉ आणि राइमोन्दो जोसेफ रूलो गात होते, तरी दुसऱ्या दिवशी बोलले गेले ते एकाच नावाबद्दल. लवकरच सदरलंडला सायनसच्या जुन्या दुखण्यावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, आणि ती बरी होताच तिला युरोपभरातून बोलावणी येऊ लागली. १९६० मध्ये व्हेनिसला झेफिरेल्लीच्याच दिग्दर्शनाखाली ‘अल्चीना’ गायल्यावर इटालियन रसिकांनी तिला ‘ला स्तुपेन्दा’ (थक्क करणारी) हे बिरुद दिले. २६ नोव्हेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये तिने पदार्पण केले तेही लुचिया म्हणूनच.

या मंचनाचाच पुढचा प्रवास अधिक बोलका आहे. १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये ते डॅलसला नेण्यात आले आणि तेथे कालासने लुचिया गायली. तिचा आवाज तोवर थकला होता, वरचे स्वर तिला साथ देईनात, आणि त्यानंतर तिने ही भूमिका रंगमंचावर पुन्हा केली नाही. जे मंचन वरच्या स्वरांच्या सहजतेवर उभे होते, त्यात ती सहजता नसलेली, पण नाट्यदृष्ट्या कितीतरी समृद्ध असलेली गायिका उभी राहिली तेव्हा त्याच्या मर्यादा उघड झाल्या. उलट कॉव्हेंट गार्डनमध्ये ते पुढे अनेक वर्षे टिकले. मुख्य जागी योग्य गळा असेल तर बाकीचे कलाकार बदलत गेले तरी त्याचे निभावत होते.

किंमत कोणी मोजली

यशाच्या वर्णनात एक बाजू दुर्लक्षित राहते. त्या काळच्या प्रथेप्रमाणे ‘लुचिया’ कापून सादर होई. तिसऱ्या अंकाच्या आरंभीचा वुल्फ्स क्रॅगचा प्रवेश, म्हणजे वादळी रात्री एनरिको एडगार्दोच्या पडक्या गढीत येऊन त्याला द्वंद्वाचे आव्हान देतो तो भाग, बहुधा गाळला जाई. सेराफिन यांच्या १९५३ आणि १९५९ च्या दोन्ही ध्वनिमुद्रणांत तो नाही. राइमोन्दो लुचियाला लग्नाला राजी करतो तो प्रवेशही अनेकदा जाई. या कापाकापीचा परिणाम केवळ वेळ वाचण्यापुरता राहत नाही. वुल्फ्स क्रॅग गाळला की दोन पुरुषांचे वैर पार्श्वभूमीला ढकलले जाते आणि शेवटच्या प्रवेशात एडगार्दो थडग्यांपाशी का आला आहे हे धड उमगत नाही, कारण तो तेथे ठरलेल्या द्वंद्वासाठी आलेला असतो. धर्मगुरूचा प्रवेश गाळला की मृत आईची शपथ घालून, धर्माच्या आणि कुटुंबाच्या नावाने मुलीला कसे वाकवले जाते ते दिसत नाही, आणि खलत्वाचा सारा भार एकट्या भावावर पडतो. म्हणजे शोकांतिका एका समाजाची न राहता एका मुलीच्या आजाराची होते. १९६१ मध्ये जॉन प्रिचर्ड यांच्या संचालनाखाली सदरलंडने केलेल्या ध्वनिमुद्रणात यांपैकी बरेच काही परत आले. ते ऐकल्यावर नाटकाचा तोल किती वेगळा आहे हे ध्यानात येते.

वेडाच्या प्रवेशाच्या यशाचा सर्वांत मोठा फटका टेनरला, म्हणजे एडगार्दो गाणाऱ्या उंच पुरुष-आवाजाच्या गायकाला, बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर काही मोठ्या गायिकांच्या प्रयोगांत वेडाचा प्रवेश झाला की पडदाच पाडत. दोनिझेत्तीने मात्र शेवट एडगार्दोला दिला होता, आणि तो जाणून दिला होता. पहिल्या प्रयोगात ती भूमिका जिल्बेर द्युप्रे या फ्रेंच टेनरची होती. शेवटच्या गाण्यात एडगार्दो स्वतःला भोसकून घेतो तेव्हा चाल त्याच्या कंठातून निसटून चेलोंकडे जाते आणि तो तुटक शब्दांत तिच्या मागे ओढला जातो. लुचियाकडे स्वरांचा अतिरेक आहे, एडगार्दोकडे त्यांची गळती. हे दोन मृत्यू एकमेकांचे उत्तर म्हणून रचलेले आहेत. ज्या मंचनात प्रेक्षकाची सारी भावना आधीच खर्च होते, त्यात हे उत्तर कोणी ऐकतच नाही. १९५९ चे मंचन या दोषातून मुक्त होते असे म्हणवत नाही; सदरलंडच्या लुचियानंतर एडगार्दो गाणे ही कोणत्याही टेनरसाठी कृतघ्न कामगिरी होती.

त्याच रंगमंचावर, २०१६

या प्रकरणाला एक उपयुक्त जोड म्हणजे त्याच नाट्यगृहात एप्रिल २०१६ मध्ये केटी मिचेल हिने केलेले मंचन. तिने रंगमंच मधोमध दुभागला. एका बाजूला संहितेतला प्रसंग चालू असताना दुसऱ्या बाजूला लुचिया त्या वेळी काय करत असेल ते दिसत राहिले. तिची लुचिया, म्हणजे डियाना डामराउ, गरोदर होती; आर्तुरोचा खून आडपडद्याने न सांगता तपशीलवार दाखवला गेला, आणि हिंसेची पूर्वकल्पना संस्थेने तिकीटधारकांना आधीच दिली होती. वाद्यवृंदात दोनिझेत्तीच्या मूळ कल्पनेप्रमाणे काच-हार्मोनिका होती.

मिचेलने विचारलेला प्रश्न योग्य होता: पुरुष तिच्या भवितव्याची चर्चा गात असताना ही मुलगी कुठे असते? कादंबरीत आणि संहितेतही तो विचारला जात नाही, आणि झेफिरेल्लीला तो सुचलाही नसावा. परंतु तिच्या उत्तराने गाण्यापुढे नवा पेच उभा राहिला. १९५९ मध्ये खून अदृश्य होता, म्हणून गाण्याला तो सांगावा लागत होता, आणि त्या अतिरेकी स्वरांना काहीतरी व्यक्त करण्याचे काम होते. २०१६ मध्ये प्रेक्षकाने खून, गर्भपात आणि रक्त सारे आधीच पाहिलेले होते. मग वेडाचा प्रवेश आला तेव्हा ताना नेमके काय सांगणार? शिवाय दुसऱ्या बाजूच्या मूक हालचालींकडे डोळा जाई आणि गाणाऱ्या पात्राकडे फक्त अर्धा कान उरे. षटकासारख्या, ऐकण्यावरच उभ्या असलेल्या जागी ही विभागणी जाचक ठरते.

काच-हार्मोनिकेमुळे मात्र एक गोष्ट निश्चित बदलते. फ्लूट गायिकेशी स्पर्धा करतो, तिला स्वच्छतेचे माप लावतो, आणि श्रोता नकळत गुण देऊ लागतो. काचेचा नाद कंठाशी स्पर्धा करत नाही. त्याची सुरुवात आणि शेवट अस्पष्ट असतात आणि तो गायिकेच्या खाली जमीन नसल्याचा भास देतो. तिला चढाओढ जिंकायची नसते, म्हणून कमी चपळ पण शब्दांना जागणारी गायिकाही या वाद्यासोबत प्रवेश पेलू शकते. म्हणून आज एखादी कंपनी ‘लुचिया’ उभी करते तेव्हा वाद्य, पट्टी आणि गाळावयाचे भाग हे निर्णय नेपथ्याच्या आराखड्याआधी, आणि गायिकेचे नाव ठरत असतानाच, संचालक व दिग्दर्शक यांनी एकत्र बसून घ्यावे लागतात. १९५९ मध्ये सदरलंड आणि बॉनिंग नाट्यगृहातल्या तालमी सुरू होण्याआधीच सेराफिन यांच्याकडे जाऊन बसले होते, आणि झेफिरेल्लीला धावणारी लुचिया बसवता आली ती त्यानंतर.